जत्रेच्या पोस्टरपासून फेणीच्या लेबलापर्यंत: गोव्यातल्या डिझायनरने इंटरनेट कसं वापरावं

फुकट छायाचित्रांच्या कुठल्याही साइटवर ‘गोवा’ असं टाकून पाहा. माड, वाळू, भाड्याची स्कूटर आणि सूर्यास्त. मग ‘भारतीय मंदिर’ शोधा, तामिळनाडूतली गोपुरं रांगेने येतील. घुमटाचं शिखर, उतरतं कौलारू छप्पर, समोर मजल्यामजल्यांचा दीपस्तंभ आणि तुळशीवृंदावन असलेलं आपलं देऊळ तिथे सहजासहजी भेटत नाही. इंटरनेटवर डिझायनरसाठी काय नाही असं म्हणतात, आणि साधनांपुरतं ते खरंही आहे. अक्षरं, रंग, सॉफ्टवेअर, शिकवण्या, जगभरच्या संग्रहालयांची कपाटं, सगळं उघडं आहे. आशय मात्र आपला आपणच न्यावा लागतो. म्हणून पुढे साइट्सची यादी न देता एकच काम हातात घेतो: गावच्या जत्रेला होणाऱ्या मराठी नाटकाचं ए-३ आकाराचं पोस्टर आणि त्याचीच व्हॉट्सॲपवर फिरणारी आवृत्ती. गोव्यात काम करणाऱ्या मराठी डिझायनरकडे हे काम आज ना उद्या येतंच. फेणीचं लेबल, चतुर्थीची स्मरणिका, होमस्टेचं मेनूकार्ड यांनाही क्रम हाच लागू पडतो.

आधी मजकूर, मग बाकी सगळं

बहुतेक नवे डिझायनर पिंटरेस्ट ही चित्रं जमवण्याची साइट उघडून सुरुवात करतात. मी म्हणेन, तो टॅब बंद ठेवा आणि समितीच्या सेक्रेटरीकडून पूर्ण मजकूर घ्या: तिथी, वार, तारीख, वेळ, नाटकाचं नाव, लेखक, दिग्दर्शक, कलाकारांची नावं कोणत्या क्रमाने, पुरस्कर्ते, स्थळ. मजकूर किती आहे हे कळल्याशिवाय पोस्टरचा आराखडा ठरत नाही, आणि जत्रेच्या पोस्टरवर मजकूर नेहमीच वाटतो त्यापेक्षा जास्त असतो.

मजकूर तीन रूपांत येतो. वहीच्या पानाचा फोटो, व्हॉट्सॲप मेसेज, किंवा गेल्या वर्षीची छापखान्यातली फाइल. यातला मेसेज सर्वांत सोपा, कारण तो युनिकोडमध्ये असतो आणि थेट उचलता येतो. वहीचं पान असेल तर फोनच्या कीबोर्डवरचं मराठी बोलून टाइप करणं वापरा आणि मग हाताने दुरुस्त करा. जुनी फाइल मात्र बहुधा श्रीलिपी किंवा तसल्याच एखाद्या फॉन्टमध्ये असते. या जुन्या फॉन्टांत देवनागरी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असतात. तो फॉन्ट तुमच्या मशीनवर नसला की फक्त चिन्हांचा कचरा दिसतो. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो, म्हणून फॉन्ट बदलला तरी मजकूर तोच राहतो. श्रीलिपी, कृतिदेव वगैरेंवरून युनिकोडमध्ये आणणारे कन्व्हर्टर ऑनलाइन फुकट मिळतात, पण मूळ फॉन्ट नेमका कुठला ते सांगावं लागतं. एकाच नावाच्या फॉन्टच्या दोन आवृत्त्यांत अक्षरांच्या जागा वेगळ्या असू शकतात.

कन्व्हर्ट केल्यावर चार गोष्टी डोळ्यांत तेल घालून पाहा: रफार योग्य अक्षरावर आहे का, पहिली वेलांटी अक्षराच्या अलीकडे आहे का, ‘खऱ्या’ आणि ‘तऱ्हा’ मधला ‘ऱ’ टिकला का, आणि इंग्रजी आकडे कुठे घुसले का. मग मजकूर सेक्रेटरीला परत पाठवा आणि ‘बरोबर आहे’ असं लिहून घ्या. आडनावातली चूक जत्रेत कोणी माफ करत नाही.

अक्षर: इथे वेळ घालवा

मराठी डिझायनरसाठी इंटरनेटने गेल्या काही वर्षांत सर्वांत मोठं काय दिलं असेल तर देवनागरी फॉन्ट. गूगल फॉन्ट्सवर जाऊन लिपीच्या गाळणीत देवनागरी निवडा. नमुन्याच्या चौकटीत त्यांचं ठरीव वाक्य ठेवू नका, स्वतःचं टाका. मी सुचवेन ते असं: ‘कुंकळ्ळी, म्हार्दोळ, फातर्पा, शांतादुर्गा, तऱ्हा, हृदय, ऑगस्ट, ॲप, ५८९’. कुंकळ्ळीतला ‘ळ्ळ’ हिंदीपुरता विचार करून बनवलेल्या फॉन्टांची परीक्षा घेतो. म्हार्दोळमध्ये रफार आणि मात्रा एकमेकांना घासतात की नाही ते कळतं. ‘ॲ’ साठी कुठल्या फॉन्टात नुसता रिकामा चौकोन येतो तेही लगेच दिसतं. या ओळीत नापास झालेला फॉन्ट कितीही देखणा असला तरी सोडून द्या.

दुसरी परीक्षा ‘ल’ आणि ‘श’ ची. मराठी आणि हिंदी वळणांत ही दोन अक्षरं वेगळी दिसतात. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये मराठी वर्णमालेची प्रमाण रूपं ठरवली, त्यात या दोघांचं मराठी वळण नक्की झालं. गोव्यातला मराठी वाचकही याच वळणावर वाढलेला आहे. हिंदी ‘ल’ असलेलं पोस्टर तो वाचतो, पण त्याला ते बाहेरून आलेल्या कंपनीच्या जाहिरातीसारखं वाटतं. काही फॉन्टांत दोन्ही रूपं असतात आणि मजकुराची भाषा मराठी ठरवून दिली की मराठी रूप आपोआप येतं. ही भाषा ठरवण्याची सोय बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये अक्षरांच्या पॅनलमध्ये दडलेली असते, ती शोधून ठेवा.

आता फॉन्टांची नावं. मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाचा ‘मुक्ता’ बारीक ते जाड अशा सात वजनांत मिळतो आणि कलाकारांच्या लांब यादीसाठी त्याच्याइतका निमूट काम करणारा फॉन्ट क्वचितच सापडेल. त्यांचाच ‘बलू’ गोलमटोल आणि खेळकर, बालनाट्याला चालेल, ऐतिहासिक नाटकाला नाही. ‘मोदक’ इतका जाड की अक्षरांच्या पोटात जागाच उरत नाही. दोन-तीन शब्दांच्या पुढे तो वापरू नये, पण ते दोन-तीन शब्द लांबून दिसतात. इंडियन टाइप फाउंड्रीचे ‘हिंद’, ‘खंड’, ‘टेको’, ‘राजधानी’ हेही फुकट आहेत. ‘खंड’ आणि ‘टेको’ अरुंद असल्याने लांबलचक मंडळाचं नाव एका ओळीत बसवायला सोयीचे. ‘यात्रा वन’ मुंबईच्या लोकल रेल्वेवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून घेतलेला आहे. त्यातली इंग्रजी अक्षरंसुद्धा देवनागरीच्या ब्रशच्या तिरक्या फटकाऱ्यासारखी काढली आहेत. नाटकाच्या पोस्टरला तो शोभतो, फक्त हल्ली सगळ्यांनाच तो सापडला आहे. पुस्तकी, स्मरणिकेतल्या लेखांना योग्य असा गंभीर चेहरा हवा असेल तर ‘तीरो देवनागरी मराठी’ पाहा. याची हिंदी, मराठी आणि संस्कृत अशी तीन वेगळी कुटुंबं आहेत, त्यामुळे ‘ल’, ‘श’ चा प्रश्नच मिटतो. संस्कृत स्तोत्रं छापायची असतील तर आयआयटी मुंबईचा ‘शोभिका’ जोडाक्षरांच्या बाबतीत दिलदार आहे.

यांतले बहुतेक ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत. व्यावसायिक कामात वापरा, पीडीएफमध्ये घाला, बदल करा, चालतं. नुसता फॉन्ट विकायला तेवढा काढता येत नाही. ‘मोफत मराठी फॉन्ट’ म्हणून टेलिग्रामवर फिरणाऱ्या झिप फायलींपासून मात्र दूर राहा. त्यांत विकत घेण्याचे फॉन्ट फुकट वाटलेले असतात आणि उद्या लेबल बाजारात गेल्यावर प्रश्न तुमच्या गिऱ्हाइकाला विचारला जातो.

गोव्याचा स्वतःचा एक पेच आहे: एकाच पानावर मराठी, इंग्रजी, कधी देवनागरी कोकणी तर कधी रोमी, म्हणजे रोमन लिपीतली, कोकणी. अशा वेळी दोन्ही लिप्या एकाच कुटुंबात असलेला फॉन्ट घ्या. मुक्ता, हिंद, पॉपिन्स, बलू यांत दोन्ही आहेत आणि त्यांची उंची, जाडी एकमेकांना जुळवून काढलेली आहे. रोमीसाठी आणखी एक तपासणी करा. ‘ए’ च्या डोक्यावरची लाट आणि ‘सी’ च्या पायाखालची शेपटी फॉन्टात आहे का? सांजांवच्या (संत जॉनच्या सणाच्या, São João) पोस्टरवर सणाचंच नाव त्या लाटेवाचून छापलं जाणं बरं दिसत नाही.

मांडणीचे दोनच नियम सांगतो, कारण इंग्रजी शिकवण्यांतून येणाऱ्यांना तेच नडतात. देवनागरी अक्षरांत अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. आणि ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा सढळ ठेवा. वर मात्रा-अनुस्वार, खाली उकार-रुकार, दोन्हींना जागा लागते. अक्षराच्या आकाराच्या दीडपटीजवळून सुरुवात करून डोळ्याने कमी करत या.

नाटकाचं नाव मात्र शक्यतो फॉन्टात लावू नका, काढा. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी केलेली मराठी नाटकांची शीर्षकं ऑनलाइन शोधा आणि एकेक करून पाहा. नाव वाचायच्या आधी नाटक विनोदी की रहस्यमय ते अक्षरांच्या वळणातून कळतं. त्याची नक्कल करायची नाही, युक्ती समजून घ्यायची. कागदावर ब्रशपेनने दहा-बारा प्रकारे नाव लिहा, फोनने फोटो काढा आणि इंकस्केप या फुकट सॉफ्टवेअरमध्ये त्यावरून रेषा काढून घ्या (ट्रेस करा). लांबून पाहणाऱ्याला आधी हेच नाव दिसणार आहे, तेव्हा हा वेळ फुकट जात नाही.

पाहणं

आता पिंटरेस्ट उघडायला हरकत नाही, पण शेवटचा पर्याय म्हणून. तिथली अडचण अशी की तुम्ही जे पाहिलंत त्याच्याचसारखं तो पुढे वाढत राहतो आणि मूळ काम कोणाचं हे बहुतेक वेळा हरवलेलं असतं. डिझायनर आपली कामं मांडतात ते बिहान्स त्यापेक्षा उपयोगाचं, कारण तिथे अख्खा प्रकल्प दिसतो: कच्ची रेखाटनं, फसलेले पर्याय, शेवटचं लेबल बाटलीवर. ड्रिबलवर देखणे तुकडे मिळतात. पोस्टरला ते फारसे कामाचे नाहीत, ॲपच्या पडद्यांना आहेत. ‘फॉन्ट्स इन यूज’ ही साइट मला या सगळ्यांहून मोलाची वाटते. कुठला फॉन्ट कुठे, कसा वापरला गेला याची नोंद तिथे फोटोसकट असते आणि नोंद करणारे अक्षर जाणणारे असतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘लेटरफॉर्म आर्काइव्ह’ चा ऑनलाइन संग्रहही असाच, अक्षराच्या कडेपर्यंत मोठं करून पाहता येतो.

संग्रहालयांकडे डिझायनर फारसे वळत नाहीत, हे नवल आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने २०१७ मध्ये आणि स्मिथसोनियनने २०२० मध्ये आपल्या संग्रहातल्या हक्कमुक्त वस्तूंची लाखो चित्रं सर्वांना वापरायला मोकळी केली. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये गोव्याचे जुने नकाशे आणि चित्रं शोधा. सोळाव्या शतकात इथे राहून गेलेल्या लिन्सखोतेन या डच माणसाच्या नावाने पाहिलंत तर जुन्या गोव्याचा भर बाजार समोर उभा राहतो, छत्र्या, पालख्या, घोडे आणि लिलाव यांच्यासकट. फेणीच्या किंवा मसाल्याच्या लेबलासाठी याहून सकस कच्चा माल कुठला? काजू, कोकम, जायफळ, मिरी यांची जुनी वनस्पतिचित्रं हवी असतील तर ‘बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी’ उघडा आणि शास्त्रीय नावाने शोधा. साध्या इंग्रजी नावाने निम्मं दडून राहतं.

देशी साइट्समध्ये पहिलं नाव ‘डी-सोर्स’ चं. आयआयटी मुंबईच्या औद्योगिक डिझाइन केंद्राने चालवलेल्या या साइटवर टायपोग्राफी, रंग, मांडणी यांचे धडे आणि भारतभरच्या हस्तकलांची टप्प्याटप्प्याने छायाचित्रित माहिती फुकट आहे. बंगळुरूच्या ‘म्युझियम ऑफ आर्ट अँड फोटोग्राफी’ च्या अकादमीचा भारतीय कलेचा ऑनलाइन कोशही चाळण्यासारखा आहे.

पण या सगळ्याच्या आधी घराबाहेर पडा, असं मी म्हणेन. गोव्यातली काही देवळं कावी कलेने सजलेली आहेत: चुन्याच्या पांढऱ्या गिलाव्यावर लाल मातीचा थर, आणि तो कोरून आतलं पांढरं उघडं केलेलं. दोनच रंग, छटा नाहीत, कडा स्पष्ट. स्क्रीन प्रिंटिंगला आणि एका रंगाच्या हँडबिलाला याच्याइतका तयार वस्तुपाठ नाही. पणजीत मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनातल्या रंगीत टाइल्सवरची चित्रं बघा, तिथून फोंतेन्हासपर्यंत चालत जा आणि घरांच्या नावांच्या टाइल्स, कठड्यांची लोखंडी वळणं, खिडक्यांचे शिंपले टिपा. मासेमारीच्या होड्यांवरची हाताने रंगवलेली नावं, खाजगी बसच्या काचेवरची अक्षरं, कुणबी कापडाची लाल-पांढरी चौकट, शिगम्याच्या चित्ररथांची भडक रोषणाई, चतुर्थीला गणपतीच्या वर टांगलेल्या माटोळीत बांधलेली रानफळं. पणजीच्या पाटो भागात कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे, १८३२ पासूनचं. तिथे जुन्या वृत्तपत्रांतल्या जाहिराती चाळा. भारतातलं पहिलं छापयंत्र १५५६ मध्ये गोव्यातच उतरलं, आणि आपण मात्र मांडणी शिकायला दर वेळी स्वित्झर्लंडकडे बघतो.

चित्रकारांच्या बाबतीतही हेच. गोव्यात जन्मलेल्या दीनानाथ दलालांची (१९१६–१९७१) मुखपृष्ठं आणि दिवाळी अंकांतली चित्रं ऑनलाइन विखुरलेली सापडतात. चेहरा, नाव आणि मोकळी जागा यांचा तोल ते कसा साधतात हे पोस्टर करणाऱ्याने बघायलाच हवं. मारिओ मिरांडा यांच्या (१९२६–२०११) गर्दीच्या चित्रांत नजर कुठून कुठे फिरते ते बोटाने रेषा ओढून पाहा.

हे सगळं साठवायचं कुठे? ‘आरेना’ या साइटवर विषयवार कप्पे करता येतात. तेवढंही नको असेल तर फोनमध्ये एक अल्बम पुरे. प्रत्येक चित्राबरोबर तीन शब्द मात्र लिहा: कोणाचं, कुठलं, आणि मला यातलं काय हवं. शेवटचा शब्द नसेल तर तो संग्रह म्हणजे नुसता साठा.

रंग

इथे फार रेंगाळायला नको. ‘अडोबी कलर’ मध्ये स्वतः काढलेला फोटो टाका, तो त्यातून पाच रंग काढून देतो. चिऱ्याच्या भिंतीवर पावसाळ्यात चढलेलं शेवाळं, कावीची लाल माती, मळ्यातल्या घराचा निळा, असे रंग कुठल्याही तयार पॅलेटपेक्षा तुमचे असतील. ‘कूलर्स’ वर त्यांच्या फिकट-गडद छटा पटापट करता येतात. मग अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या रंगांतला फरक (कॉन्ट्रास्ट) ‘वेबएम’ च्या तपासणीयंत्रात मोजा. पडद्यावरच्या साध्या मजकुराला निदान ४.५ ला १, मोठ्या अक्षरांना ३ ला १. भगव्यावर पिवळी अक्षरं ही जत्रेच्या पोस्टरांची जुनी सवय या परीक्षेत बहुधा नापास होते.

पडद्यावर झगझगणारा भगवा आणि पोपटी हिरवा छापताना मंदावतो, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगून ठेवा.

चित्रं आणि परवाने

गूगलच्या चित्रशोधात दिसतं ते ‘गूगलचं’ नसतं. ती फक्त खिडकी आहे. चित्र आवडलं तर गूगल लेन्स किंवा टिनआयने मूळ शोधा आणि परवाना तिथे वाचा.

अनस्प्लॅश, पेक्सेल्स, पिक्साबे यांची फुकट छायाचित्रं व्यावसायिक कामात चालतात, नाव देणं बंधनकारक नाही. पण फोटोतल्या ओळखू येणाऱ्या माणसाची संमती साइट देत नाही. कोणातरी अनोळखी मासेवालीचा चेहरा मसाल्याच्या पाकिटावर छापणं कायद्याच्याही आधी सभ्यतेत बसत नाही. विकिमीडिया कॉमन्सवर गोव्यातली देवळं, चर्च, उत्सव यांचे पुष्कळ फोटो आहेत. तिथे प्रत्येक फाइलचा परवाना वेगळा, तो वाचावाच लागतो. बहुतेक परवाने ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ (सीसी) चे असतात. ‘सीसी झिरो’ म्हणजे मोकळं. ‘बाय’ म्हणजे छायाचित्रकाराचं नाव आणि परवाना छापायचा, पोस्टरच्या तळाशी बारीक ओळ चालते. ‘एसए’ म्हणजे त्या चित्रात बदल करून केलेलं कामही त्याच परवान्याखाली मोकळं करावं लागेल, म्हणून लेबल किंवा बोधचिन्हासाठी ते टाळा. ‘एनसी’ असेल तर धंद्यात नाही, ‘एनडी’ असेल तर बदलून द्यायचं नाही. नाउन प्रोजेक्ट, फ्लॅटआयकॉन, फ्रीपिक यांवरच्या फुकट चिन्हांना नाव देण्याची अट असते, पैसे भरले की ती सुटते.

भारतात चित्रकाराच्या मृत्यूनंतरच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षं हक्क चालतो. हिशेब करून बघा: दलालांच्या चित्रांवरचा हक्क २०३१ अखेरपर्यंत, मारिओंचा २०७१ अखेरपर्यंत. ‘मारिओ स्टाइल’ म्हणून त्यांच्याच आकृत्या उचलून टीशर्टवर छापणारे किनाऱ्यावर भेटतात. तुम्ही त्यांत जाऊ नका. राजा रविवर्मा १९०६ मध्ये गेले, त्यांची मूळ चित्रं मोकळी आहेत. तरी देवाच्या चित्रावर पुरस्कर्त्याचा शिक्का मारण्याआधी समितीला विचारावं.

आपल्या पोस्टरसाठी सर्वांत सोपा मार्ग म्हणजे स्वतः फोटो काढणं. देवळात छायाचित्रणाची परवानगी आधी घ्या, गर्भगृहाचा फोटो बहुतेक ठिकाणी चालत नाही. दीपस्तंभ संध्याकाळी, दिवे लागताना. तालमीचे फोटोही काढून ठेवा, कलाकारांचे चेहरे पासपोर्ट फोटोंपेक्षा तिथे खरे दिसतात.

कृत्रिम बुद्धिमत्तेने काढलेल्या चित्रांबद्दल थोडक्यात. कल्पना चाचपायला ठीक. देवनागरी अक्षरं त्यात अजूनही वेडीवाकडी येऊ शकतात, आणि ‘गोव्यातलं देऊळ’ म्हटलं तर सुरुवातीचं तेच गोपुर परत उभं राहतं. गावच्या माणसाला आपल्या देवळाचा कळस ओळखता येतो.

ज्या चित्राचा, फॉन्टचा परवाना वापरलात त्या पानाचा तारखेसह स्क्रीनशॉट कामाच्याच फोल्डरमध्ये ठेवा. साइटचे नियम बदलतात, तुमचा पुरावा बदलू नये.

साधनं

पैसे नसतील तरी अडत नाही. फोटोसाठी गिंप किंवा ब्राउझरमध्येच चालणारं फोटोपी, रेषांसाठी इंकस्केप, रंगवण्यासाठी क्रिता, स्मरणिकेसाठी स्क्रायबस. पूर्वी विकत घ्यावं लागणारं अफिनिटी हे डिझाइन सॉफ्टवेअर २०२५ च्या अखेरीपासून फुकट झालं आहे. कॅनव्हा घाईच्या पोस्टला चालतं, मात्र त्यातले तयार साचे शेजारच्या गावाच्या मंडळालाही दिसतात.

अडोबीवाल्यांसाठी एकच सूचना. जोडाक्षरं फुटून मधे हलन्त दिसू लागला किंवा वेलांटी भलतीकडे गेली तर दोष बहुधा फॉन्टाचा नसतो. इनडिझाइनमध्ये परिच्छेदाच्या मेनूतून ‘वर्ल्ड-रेडी पॅरेग्राफ कंपोझर’ निवडा. इलस्ट्रेटरमध्ये प्रेफरन्सेसच्या टाइप विभागात इंडिक पर्याय दाखवायला सांगा आणि मग परिच्छेदाच्या मेनूतून दक्षिण आशियाई कंपोझर लावा. फोटोशॉपमध्येही ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ आहे. ही एक खूण न केल्यामुळे कितीतरी जण अजून जुन्या फॉन्टांना चिकटून बसले आहेत.

छापखान्याकडे

ए-३ म्हणजे २९७ × ४२० मिलिमीटर. चारी बाजूंना ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापताना निघून जाणारी जादा कड, द्या, महत्त्वाचा मजकूर कडेपासून निदान १० मिलिमीटर आत ठेवा. ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) हे पान ३५०८ × ४९६१ पिक्सेलचं होतं, म्हणजे व्हॉट्सॲपवरून आलेला पुरस्कर्त्याचा पुसट लोगो इथे कामाचा नाही. मूळ फाइल मागा, आणि ‘डॉक्युमेंट म्हणून पाठवा’ असं स्पष्ट सांगा. रंग सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शायांत, बारीक अक्षरं नुसत्या काळ्या शाईत. चार रंगांतून बनवलेला काळा बारीक मजकुराला लावला की छापताना किंचित सरकतो आणि अक्षर धूसर होतं.

अनेक छापखाने कोरलड्रॉवर चालतात, आणि त्याच्या जुन्या आवृत्त्यांत युनिकोड देवनागरी मोडते. म्हणून उघडी फाइल देऊ नका. पीडीएफ द्या, शीर्षकाची अक्षरं आउटलाइन करून, म्हणजे त्यांचे नुसते आकार बनवून. आउटलाइन केलेली प्रत वेगळ्या नावाने साठवा, नाहीतर पुढच्या वर्षी तारीख बदलायला मजकूरच उरणार नाही. मोठ्या फ्लेक्सला प्रत्यक्ष आकारात १०० डीपीआयच्या आसपास पुरतं, तो दुरून पाहायचा असतो.

पावसाळ्यातलं काम असेल, चतुर्थीची स्मरणिका किंवा श्रावणातल्या भजनी सप्ताहाचं पत्रक, तर कागदाला हवेतली ओल लागते, पातळ मुखपृष्ठ वाकतं. जाड कागद आणि मॅट लॅमिनेशनचा खर्च आधीच अंदाजपत्रकात धरा.

मोबाइल आवृत्ती म्हणजे पोस्टर आकसून केलेली प्रत नव्हे. १०८० × १३५० पिक्सेलचं नवं पान घ्या, त्यावर फक्त नाटकाचं नाव, तारीख, वेळ, गाव आणि एक चित्र. कलाकारांची यादी दुसऱ्या पानावर टाका, म्हणजे प्रत्येकाला आपलं नाव असलेलं पान पुढे पाठवता येईल. पाठवण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्या माणसाच्या फोनवर, चष्म्याशिवाय, वाचून घ्या.

शिकत राहायला

रेषा जमत नसतील तर ‘बेझिअर गेम’, अक्षरांमधलं अंतर कळत नसेल तर ‘कर्न टाइप’, हे दोन्ही ब्राउझरमधले छोटे खेळ आहेत. कर्न टाइप रोमन अक्षरांसाठी असला तरी डोळा तयार होतो. ‘गूगल फॉन्ट्स नॉलेज’ वर टायपोग्राफीचे सोपे लेख आहेत. स्वयम् आणि एनपीटीईएल या सरकारी शिक्षण-साइट्सवर डिझाइनचे पूर्ण अभ्यासक्रम मिळतात, प्रमाणपत्राची परीक्षा सोडली तर फुकट. पणजीच्या आल्तिनो टेकडीवरच्या गोवा कला महाविद्यालयातल्या मुलांची प्रदर्शनं आणि डिसेंबरात पणजीत भरणारा सेरेंडिपिटी कला महोत्सव इथे पडद्याबाहेरचं डिझाइन बघायला मिळतं: पाट्या, दिशादर्शक खुणा, प्रदर्शनातली लेबलं.

जत्रा झाली की पोस्टर बिहान्सवर चढवा. नुसतं अंतिम चित्र टाकू नका. ब्रशने लिहिलेली नावं, नाकारलेले दोन पर्याय, आणि देवळाच्या आवारात भिंतीवर लागलेल्या पोस्टरचा फोटो टाका. वर्णन मराठीतही लिहा आणि टॅगमध्ये ‘देवनागरी’, ‘मराठी’, ‘गोवा’ घाला, म्हणजे पुढच्या वेळी कोणी इथलं देऊळ किंवा इथलं अक्षर शोधेल तेव्हा त्याला काहीतरी सापडेल.